हौसाचं नाव मी कापलं

माझी धाकटी बहीण हौसा आज सकाळी गेली.
तिची शाळा मी बंद पाडली होती. आई-बापानं नाही, गरिबीनं नाही. मी.

पन्नासच्या दशकातलं, पिंपरीजवळचं मोशी गाव. मारुतीच्या देवळात शाळा, चार इयत्तांना एकच गुरुजी. मुली तीनच. त्यांची जागा चपला काढतात तिथं.

मी चौथीत, हौसा दुसरीत.

एकदा तपासणीला साहेब आले. गुरुजींनी आम्हा चौथीवाल्यांना उभं केलं. साहेबांनी दीडकीचा पाढा विचारला.
"तेरा दिढे किती?"
सगळे गप्प. मीपण.
मागून हौसा म्हणाली, "साडेएकोणीस."

साहेब हसले. गुरुजींचा चेहरा उतरला.
साहेब गेल्यावर गुरुजी तिला म्हणाले, "ये पुढं. एकेकाच्या थोबाडीत मार."

माझ्यापाशी आली तेव्हा तिनं नुसता हात लावला.
गुरुजींनी तिच्या पाठीत छडी ओढली. "जोरात!"
मग तिनं मारलं. रडत रडत मारलं.

घरी आल्याबरोबर मी आबांना सांगितलं, "हौशीनं मला मारलं. समद्यांसमोर."
आबांनी तिला विचारलं, "भावावर हात टाकलास व्हय?"
ती माझ्याकडे बघत राहिली.
'गुरुजींनी मारायला लावलं', एवढंच मी बोलायला हवं होतं.
मी भाकरी खात बसलो.
ती म्हणाली, "व्हय."

दुसऱ्या दिवसापासून तिच्या हातात म्हशीचा कासरा.

आठवड्यानं गुरुजींनी मला विचारलं, "हौसा का येत नाही रे? हुशार पोरगी आहे. मी येऊन बोलू का आबांशी?"
मी म्हणालो, "तिलाच यायचं न्हाई, गुरुजी."
त्यांनी हजेरीतलं नाव कापलं.

ती म्हैस घेऊन देवळाच्या भिंतीशी थांबायची. आत पाढे चालायचे, बाहेर हिचे ओठ हलायचे.
पोरं हसायला लागली. गुरुजी वैतागून मला म्हणाले, "जा, घरी पाठव तिला."
मी बाहेर गेलो आणि दगड मारला. ढोपर फुटलं तिचं.
परत आली नाही.

पुढे मी सातवीची फायनल पास झालो, पिंपरीत कंपनीत लागलो, सुपरवायझर म्हणून रिटायर झालो. ती आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात खुरपत राहिली.

मागच्या महिन्यात तिला भेटायला गेलो. अंथरुणावरच होती. सगळं सांगून टाकलं.
आबांपुढे मी गप्प बसलो ते तिला माहीतच होतं. दगडाची खूण तर तिच्या ढोपरावर होतीच.
पण गुरुजींचं ऐकलं आणि ती उठून बसायला लागली.

"म्हंजी गुरुजींनी इचारलं व्हतं माझं?"
"हो."
"घरी येनार व्हते?"
"हो."

"मला वाटायचं, कुनालाच फरक पडला न्हाई," ती म्हणाली.

मी विचारलं, "हौसा, माफ केलंस का गं?"

"न्हाई."

मग तोंड भिंतीकडे करून म्हणाली, "माझ्या कानात सांगून काय उपेग, दादा? समद्यांना सांग."

एक महिना हिंमत झाली नाही. ती असताना झाली नाही.
नातू आत्ताही म्हणतोय, आजोबा, पोस्ट नका टाकू.

हौसा, तुला श्रद्धांजली. माफी आता मागत नाही.