ऐकण्यासाठी एक वेगळं रिंगण

आमचे दाजी शिंपी. दोनदा मोजल्याशिवाय कापडाला कात्री लावायचे नाहीत. त्यांचा दुसरा नाद हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेने बिनतारी यंत्रावर बोलण्याचा. सतरा वर्षं दर रविवारी सूर्योदयाला ते समुद्रापलीकडच्या एका दीपगृहवाल्याशी बोलत. कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी त्या वेळी तिथवर चांगल्या पोचतात.

आता दीपगृहवाला निवृत्त होऊन मुलीच्या फ्लॅटवर निघाला होता. तिथे गच्चीवर अँटेनाच्या तारा लावायला बंदी. म्हणजे येता रविवार शेवटचा. आणि नेमकी महिनाभर दाजींच्या रेडिओत अशी खरखर, की मित्राचा एक शब्द कळेना.

"उंच तार बोलायला चांगली," दाजी मला म्हणाले, "पण ऐकताना ती सगळी खरखर गोळा करते. ऐकायची अँटेना वेगळी हवी."

जमिनीलगत लांब तार टाकावी, तर दीडशे मीटर जागा हवी. ताईचं परसदार वीस पावलांचं. शेवटी दाजींनी लाकडी फुलीवर तार गुंडाळून दाराएवढं रिंगण केलं. ते कडेच्या दिशेने ऐकतं, तोंडाच्या दिशेने नाही; त्याचं तोंड खरखरीकडे केलं की ती गप्प होई. पण दीपगृहही त्याच रेषेत, त्यामुळे खरखरीबरोबर मित्रही गप्प! मग खरखरीचं मूळच शोधणं आलं.

शनिवारी संध्याकाळी खरखर गप्प झाली, तेव्हा रिंगणाचं तोंड शेजारच्या दातांच्या डॉक्टरांकडे होतं. दाजी कुंपणाशी गेले.

"डॉक्टर, तुमच्या घरात काहीतरी ओरडतंय."

"मास्तर, माझ्याकडे पेशंट ओरडतात, आणि आज दवाखाना बंद आहे."

तरी भल्या माणसाने घराचा मेन स्विच बंद केला. रिंगण वळवून ऐकलं, तर खरखर जशीच्या तशी. डॉक्टर अंधारातून चाचपडत कुंपणापाशी आले.

ताई दारातून बघत होती. "अहो, त्या रिंगणाला पाठ आहे की नाही? तोंडाकडचं ऐकत नाही, तसं पाठीकडचंही ऐकत नसेल."

दाजींनी मागे वळून पाहिलं. रिंगणाच्या पाठीमागे त्यांचंच दुकान, आणि दुकानात महिन्यापूर्वी हौसेने आणलेला शिलाई मशीनचा एलईडी दिवा, त्याची पिन रात्रंदिवस लावलेली.

"गिऱ्हाइकाचं माप घेताना पाठ वळवायला लावता," ताई म्हणाली, "आणि इथे पाठ बघायची राहिली!"

दिव्याची पिन काढली. खरखर थांबली. दाजींनी डॉक्टरांसमोर कान धरले.

रविवारी डॉक्टरही ऐकायला आले. दाजींनी रिंगणाची कड मित्राकडे वळवली. आवाज इतका स्वच्छ आला, की त्याचा खोकलासुद्धा कळला. दाजींनी कालची फजिती सांगितली. तो पोटभर हसला आणि म्हणाला, "रिंगण खोलीत ठेवून चालतं ना? मग मापं सांग. बोलता नाही आलं तरी ऐकेन. तू दर रविवारी बोल, मी उत्तर पत्राने देईन."

दाजींनी गळ्यातली टेप काढली आणि एकेक बाजू मोजून सांगू लागले. दोनदा.

"झालं!" ताई डॉक्टरांना म्हणाली. "यांना हवाच होता असा माणूस. मध्ये बोलूच न शकणारा!"