रवीचा वारा

नागपुरात शिडाची होडी चालवतो म्हटलं की लोक आधी हसतात, मग किस्से विचारतात. तलावावर दर रविवारी एक किस्सा जमतो. माझ्या प्रत्येक किश्शात आमच्या होडी क्लबातला रवी असतो. मला तो बघवत नाही, हे आधीच सांगून टाकतो. क्लबच्या शर्यतीचा कप दरवर्षी त्याच्या घरी जातो आणि मला तो माझ्या टीव्हीशेजारी हवा आहे.

वारा समोरून असला की होडी सरळ जात नाही, तिरकी वळणं घेत न्यावी लागते. होडीचं नाक वाऱ्याच्या दिशेच्या जितकं जवळ धराल, तितकी वळणं कमी. पण जरा जास्त जवळ गेलात की शीड फडफडतं आणि होडी ठप्प. रवीची सुळकन निघते. माझी ठप्प होते.

*

मी कोराडीला वीज केंद्रात. दिवसभर चिमणीचा धूर दिसतो, म्हणून एकदा ऐटीत म्हणालो, "वारा मले विचार."

रवी धंतोलीतला दातांचा डॉक्टर. म्हणाला, "मंग सांग, आज कुठून आहे?"

मी बोट दाखवलं, होडी सोडली आणि थेट काठच्या बेशरमाच्या झुडपात घुसलो. तो हसलासुद्धा नाही. त्याचाच जास्त राग आला.

*

एकदा गुपचूप विचारलं, "तू नेमकं करतो काय गा?"

"काही नाही. मानेले वारा लागला की समजते."

मी दुसऱ्याच दिवशी मानेवरचे केस पार बारीक करून घेतले. सर्दी झाली.

*

बायकोला हौसेनं होडीत बसवलं. तलावाच्या मधोमध आम्ही ठप्प. शेजारून रवी निघून गेला.

"त्यांची होडी नवीन आहे का?"

"दोन्ही क्लबच्याच आहेत."

"मंग पुढच्या रविवारी मी त्यांच्या होडीत बसू का?"



*

यंदाची शर्यत. शेवटचा टप्पा, वारा समोरून, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी सगळ्यांच्या पुढे. शीड ताठ, फडफड नाही. असंच धरून ठेवलं की कप माझा.

मागे पाहिलं, तर रवीनं एकदम होडी काठाकडे वळवली. म्हणजे खरा वारा तिकडे! मीही सुकाणू फिरवलं आणि सुटलो त्याच्या मागे. बाकीच्या होड्या एकेक करत पुढे निघून गेल्या.

काठाला लागलो तेव्हा रवी क्लबच्या संडासाकडे पळत होता. दारातच त्यानं मागे वळून पाहिलं.

"मले त सकाळची तर्री बाधली गा. तू काहून आला?"