धुतलेल्या फरशीवर

"वाक," मालक म्हणला. "नाक लाव फरशीला. वास येतोय का ते सांग."

हा मंगल कार्यालयाचा मालक. आवाज कधी चढवायचा न्हाई. पाथरीहून मुलीकडचे दोघं जागा बघायला आले होते, ते पायरीवर उभे. त्यांच्यासमोर मी गुडघे टेकले, पदर सावरला आन् शहाबादी फरशीला नाक लावलं. तिशीतली बाई मी. दोन लेकरांची आई. वास येत होता. मुताचा. उतरलेला, पण होता.

"येतोय," मी म्हणले.

"तरी सांगतो, तेजाब वापरा. तुमचे ते रिठे आणि राख काय कामाची?"

पाथरीवाले हसले. मी पण हसले. त्या हसण्याची मला अजून चीड येती.

नामांतराच्या दंगलीत गावातलं घर जळालं आन् आमी परभणीला आलो. इथं आमी चौघी बायांनी मिळून साफसफाईची कामं धरली. एक बँक, एक दवाखाना आन् हे कार्यालय. कार्यालयाचं काम सगळ्यात मोठं, त्याच्यावर चार घरच्या चुली होत्या. कायदे आमचे आमीच केले. संडासात हात घालायचा न्हाई, लांब दांड्याचा ब्रश द्या. चहा बसून प्यायचा. आन् तेजाब न्हाई म्हणजे न्हाई. कार्यालयाची मोरी मागच्या नाल्यात, आन् नाला आमच्या वस्तीच्या आडाला लागून. त्याच आडाचं पाणी आमची लेकरं प्यायची. शिवाय शहाबादीला तेजाब खातं. तिला बारीक खड्डे पडतात, मग ती घाण जास्तच धरती. मालकाला दहा वेळा सांगितलं. नाकात झोंबल्याशिवाय त्याला साफ वाटायचंच न्हाई.

जेवणावळीचं तेल आधी लाकडाच्या भुशानं टिपायचं. मग राख. मग रिठ्याचं पाणी, शेवटी दोनदा साधं. पत्रावळ्या खड्ड्यात, खताला. मला त्या कामाचा लय गर्व होता. मग हा वास कुठून?

मी गयाबाईला धरलं. मांडवाची फरशी तिच्याकडं होती. माझ्याहून वयानं मोठी, बोलायला कमी. मला वाटलं, लग्नात लेकरं मुततात, आन् ही वरवर फडकं फिरवून मोकळी होती. शेवटचं पाणी मारतच नसंल. बाकीच्या दोघींसमोर मी तिला म्हणले, "गया, वाक. नाक लाव फरशीला."

मालकाचेच शब्द. माझ्या तोंडून.

ती वाकली. फडकं पिळलं आन् सगळी फरशी परत पुसली. त्या दिवसापासून मी तिचं फडकं हुंगायचे. बादलीत बोट घालून बघायचे. ती वर बघायची न्हाई. आता खरं सांगते. मी गावात वाढले. गाईचं मूत मला वासावरून कळत न्हाई व्हय? पण मालकावर शक घ्यायचं माझ्या डोक्यात आलंच न्हाई. गयावर मात्र लगेच घेतला.

मालकानं निर्वाणीचं सांगितलं. पाथरीच्या लग्नाला वास आला तर काम दुसऱ्याला. मी हारले. बाजारातून तेजाबाची बाटली घेतली, पिशवीत लपवली. लग्नाच्या आदल्या दिवशी फरशी धुतली, बाया घरी गेल्या. मी दुपारी तीनला मागच्या दारानं परत आले. गयानं कोपरे कसे केलेत ते बघायचं आन् गुपचूप तेजाब ओतायचं. स्वतःच्याच बायांच्या चोरून.

मांडवात मालक एकटा होता. अनवाणी. एका हातात तांब्या, दुसऱ्यात आंब्याची डहाळी. तासाभरापूर्वी आमी धुतलेल्या फरशीवर तो शिंपडत चालला होता. कोपरा न् कोपरा. ज्या खांबाला आमी हात लावला तो खांब. नळ. पायरी. आन् तोच वास.

"मालक, हे काय करायलात?"

तो दचकला पण न्हाई.

"गोमूत्र. तुम्ही धुऊन गेलात की शिंपडावं लागतं. वडलांपासून चालत आलंय. तुझ्यावर राग नाही बाई."

"दर खेपेला?"

"दर खेपेला."

"मग वास आमच्या नावावर कामून?"

तो खरंच इचार करून म्हणला, "तेजाब वापरलं असतं तर राहिला नसता."

माझ्या अंगाची आग झाली. ह्याला लाज पण वाटत न्हाई. ह्याचं शिंपडलेलं झाकायला मी माझ्या लेकरांच्या पाण्यात इख सोडायला निघाले होते.

"आमी धुतल्यावर हे शिंपडायचं असंल, तर उद्यापासून तुमीच धुवा," मी म्हणले.

"दुसऱ्या मिळतील."

"मिळतील," मी म्हणले आन् निघाले. बाटली दुकानदाराला परत केली.

संध्याकाळी तिघींना बसवून सगळं सांगितलं. काम गेलं ते सांगितलं. तेजाबाचं पण सांगितलं. दोघींनी मालकाला शिव्या घातल्या. गया माझ्याकडं बघून म्हणली, "त्यानं गाईचं शिंपलं. तू माझ्यावर काय शिंपलंस?"

नामांतराच्या मोर्च्यात मी पुढं राहून घोषणा देत होते, घसा बसेपर्यंत. आन् गयाला मी वाकवलं होतं. चुकले म्हणले. ती म्हणली, "बरं." माफ केलं का, ते तिनं सांगितलं न्हाई आन् मी विचारलं न्हाई. महिनाभर लय ओढाताण झाली. गया कामाला येत राहिली.

पुढं दुसऱ्या एका कार्यालयाचं बोलावणं आलं. मी गयाला संगं घेऊन गेले. हा मालक तर पहिल्याहून गोड. ताई म्हणला, खुर्ची दिली, चहा मागवला. मी चहाला हात लावला न्हाई. ज्याचं बोलणं गोड, त्याच्यावर माझा शक दुप्पट. आता कामात खोट निघाली तर आधी वरच्याकडं बघायचं, शेजारच्या बाईकडं न्हाई, एवढं मी ठरवलंय.

"आमी धुऊन गेल्यावर इथं कोण काय शिंपडतं, ते आधी सांगा," मी म्हणले. "आन् मी न सांगता परत येऊन बघणार."

त्यानं मान खाली घातली. आमी दोघी उभ्या राहिलो. जवाब आल्याबगर बादली उचलायची न्हाई.