टांगलेलं वजन

वारज्यात आमच्या सोसायटीमागे एक गृहस्थ बांबूचे बाण करतात. बाणाची काडी दोन खिळ्यांवर आडवी ठेवायची, मधोमध वजन टांगायचं आणि ती किती वाकते ते पट्टीवर बघायचं, असं त्यांचं काम चालतं. सारख्या वाकणाऱ्या काड्याच ते एका संचात घालतात. मध्येच कुणी काही विचारलं, तर आधी वजन काढतात, मगच उत्तर देतात, तेही दोन शब्दांत. एकदा बोलण्याच्या नादात वजन दिवसभर तसंच राहिलं, ती काडी पुन्हा सरळ झालीच नाही. ती त्यांनी समोरच भिंतीवर लावून ठेवली आहे.

गेल्या रविवारी ते माझ्यासाठीच्या बाणांच्या काड्या तपासत होते आणि ऑफिसचा फोन आला. सर्व्हर बंद पडला होता. अर्धा तास बाहेर बोलून मी परत आलो.

"आज सुट्टी ना तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"हो, सुट्टीच."

त्यांनी भिंतीवरच्या त्या वाकलेल्या काडीकडे पाहिलं. मग त्यांनी काडीला वजन टांगलं, तेवढ्यात माझा फोन पुन्हा वाजला. त्यांनी वजन काढून बाजूला ठेवलं.

मी फोन उचलला.