बैलाचे कान

नव्वदचं दशक सरत आलं होतं. सोयाबीनच्या हंगामात मी सेनगावकडं महिनाभर मळणी यंत्र चालवलं. हंगाम संपला, यंत्र बंद झालं, मी आमच्या तांड्यावर परतलो, पण माझ्या कानातलं कुईंऽऽ काही थांबेना. मला वाटलं, तांड्याजवळची विजेची डीपीच वाजतेय. वायरमनशी कडाक्याचं भांडलो. तो म्हणाला, "बाबा, डीपी गपगार हाय. तुजंच डोस्कं वाजून राहिलं." असा राग आला! खरं तर राग कसला, भीतीच होती ती. आवाज बाहेरचा असला तर कुणीतरी बंद करील. आतला असला तर मी जायचं कुठं?

शेवटी बापाला सांगितलं. आमच्या पिढ्या बैलांवर माल लादून रानोमाळ हिंडलेल्या. बापाचा माणसापेक्षा बैलाच्या कानावर जास्त भरवसा. म्हणाला, "काहून भांडतो लोकायशी? बैल नेऊन उभा कर. आवाज असंल तर कान तिकडं वळतीलच."

आमचा म्हातारा बैल डीपीखाली नेला. बापही मागोमाग आला. माझ्या कानात नुसता कल्ला, आणि हा आपला निवांत रवंथ करतोय. कान ढिले. मी त्याला माघारी वळवायला लागलो.

बापाला मात्र काहीतरी खटकलं. त्यानं बैलाच्या मागं जाऊन टाळी वाजवली. कान हलले नाहीत. डबा बडवला, तरी नाही. मग त्यानं गोऱ्हा आणला. टाळीसरशी गोऱ्ह्यानं दचकून मान फिरवली, डीपीकडं मात्र ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणजे माझा आवाज माझ्यातच होता. पण बापाचं लक्ष आता माझ्याकडं नव्हतंच.

"ह्याला कवापासून ऐकू येत न्हाई?" त्यानं विचारलं.

मला ठाऊक होतं. सेनगावकडं सोबत नेऊन महिनाभर मीच त्याला यंत्राच्या तोंडाशी बांधला होता. मळणीतून पडणारं ताजं कुटार आयतं खाईल, वैरण टाकायची तकलीफ वाचेल, म्हणून.

आता त्याच्या कानात सगळं गप्प होतं, की माझ्यासारखंच वाजत होतं? कसं विचारायचं त्याला? माझ्या कानाचं गाऱ्हाणं मी अख्ख्या तांड्याला ऐकवलं होतं. त्यानं त्याचं रोज मलाच सांगितलं होतं, दावं ओढओढून. मी म्हणालो, माजलाय साला, आणि दावं आखूड केलं.