वीस मिनिटांची झडती

झडती काठीनं घेतली. हात लावला असता तर विटाळ झाला असता, म्हणून काठीनं.

कचेरीच्या मागच्या अंगणात मला उभं केलं. अंगरखा काढायला लावला. मुंडासं सोडायला लावलं. ते मीच सोडून जमिनीवर पसरलं. मग शिपायांचा नाईक वेताची काठी घेऊन पुढं आला आणि मुंडाशाचा एकेक पदर काठीनं उलटून पाहू लागला. धोतराचा सोगा काठीनं उचलला. कमरेची पिशवी काठीनंच उपडी केली. तिच्यातून निम्मी भाकरी, एक वाळकी मिरची आणि सुपारीचं खांड पडलं. भाकरीत काही लपवलंय का, म्हणून त्यानं तीही काठीनं मोडून पाहिली. दुपारी खायची भाकरी होती ती.

ओसरीवर सगळे कारकून उभे होते. अव्वल कारकून पायरीवर. त्यांनी आधी कानडीत विचारलं, "एल्लि होगिद्दि?" कुठं गेला होतास. कानडीत विचारलं ते अंगणातल्या झाडून सगळ्यांना कळावं म्हणून. मग माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, "वीस मिनिटं कुठं होतास?"

"कुठंच नाही, रावसाहेब."

"मग ती गेली कुठं?"

लोक हसले. मी वाकून भाकरीचे तुकडे वेचू लागलो.

जर्मनांबरोबरची दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. धारवाडातली ती सरकारी कचेरी. नाव सांगत नाही. नाव सांगितलं की ऐकणारा म्हणतो, तेवढी एक कचेरी वाईट असेल, आणि निवांत झोपतो.

मी महाराचा. शाळेच्या ओसरीवर बसून तिसरीपर्यंत शिकलेला. आकडे वाचता यायचे, सही करता यायची. कचेरीचं टपाल रोज हुबळीच्या कचेरीत पोचवायचं आणि तिथलं घेऊन यायचं, हे माझं काम. त्यासाठी सायकल मिळाली होती. पितळी बिल्ल्याचा पट्टा मिळाला होता. आमच्या वस्तीत मीच पहिला पट्टेवाला. बाकी मानपान काही नव्हता. टपालाची थैली माझ्या हातात कुणी देत नसे आणि माझ्या हातून कुणी घेत नसे. दाराबाहेर एक दगड होता. त्याच्यावर थैली ठेवायची आणि चार पावलं मागं सरायचं. मग नाईक तिच्यावर पाण्याचा शिंतोडा मारून ती उचलायचा. सरकारी कागद भिजले तरी चालत होते.

वाट बारा मैलांची. मैलाचे बाराही दगड मला तोंडपाठ होते. नवलूर, सत्तूर, रायापूर, मग उणकलचं तळं, की आलीच हुबळी. जाताना एकंदर उतार, वारा पाठीशी, थैली हलकी. येताना चढ, तोंडावर पश्चिमेचा वारा आणि थैलीत दप्तरांची बाडं. हुबळीत मला किती वेळ थांबवून ठेवलं ते तिथला कारकून चिठ्ठीवर लिहून द्यायचा. तेवढा वेळ वजा केला की माझी रपेट उरायची तीन तास. दोन वर्षं रोज तेवढीच. कुणाची तक्रार नव्हती.

मग एका खटल्यातली बातमी हुकूम निघायच्या आधीच हुबळीच्या बाजारात फुटली. ती कुणी फोडली ते मला आजही ठाऊक नाही. आमच्या कचेरीतले एक धाकटे कारकून दर शनिवारी हुबळीत कुणाच्या पेढीवर पान खायला बसायचे ते मला ठाऊक होतं. त्यांचा सोगा कुणी काठीनं उचलला नाही. संशयाला पण घरं ठरलेली असतात, आणि तो आमच्या घरी न बोलावता येतो.

अव्वल कारकुनांनी माझा वेग मोजायचं ठरवलं. कामाला त्याच धाकट्या कारकुनांना लावलं. दुसरी सायकल आणि खिशातलं घड्याळ घेऊन ते माझ्या मागं निघाले. जाताना मैलाला पाच मिनिटं भरली. ताशी बारा मैल. येताना चढावर मैलाला दहा मिनिटं. ताशी सहा मैल. दुसऱ्या दगडाशी धाकट्या कारकुनांचा श्वास फुलला. त्यांनी मागून येणारी मोटार थांबवली, सायकल टपावर टाकली आणि निघून गेले. पुढचे दहा मैल त्यांनी मोजलेच नाहीत. पुढंही तसंच असणार, असं त्यांनी सांगितलं. ते तसंच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आता अव्वल कारकुनांची एक खोड होती. दोन आकडे हाती आले की बेरीज करायची आणि निम्मं करायचं. त्याला ते सरासरी म्हणत. शाई किती लागते, कंदिलाला तेल किती जातं, सगळ्याची सरासरी. कचेरीत कुणाला ताप आला तर वैद्याच्या आधी हे सरासरी काढतील, असं बाकीचे कारकून पाठीमागं म्हणायचे. समोर मात्र मान डोलवायचे. तीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाचं गणित चुकतं असं कोण म्हणणार?

तर बारा आणि सहा अठरा. निम्मे नऊ. ताशी नऊ मैल. जाऊन येऊन चोवीस मैल. त्याला लागायला हवेत दोन तास चाळीस मिनिटं. हा घेतो तीन तास. म्हणजे वीस मिनिटं हा रोज कुठंतरी जातो, कागद कुणाला तरी दाखवतो.

असा तो सगळा प्रकार. त्यावरून अंगणातली झडती.

झडतीत काही सापडलं नाही. पण न सापडल्यानं संशय जात नाही, वाढतो. नाईक म्हणाला, हा पक्का आहे. आणि खरं सांगतो, मला माझाच संशय येऊ लागला. उणकलच्या तळ्यावर मी ओंजळभर पाणी प्यायचो, तिथं तर वेळ जात नसेल? मी पाणी प्यायचं सोडलं. नवलूरला पेरू विकणारी म्हातारी हाक मारायची, तिच्याकडे बघायचं सोडलं. चढावर उतरून सायकल ढकलावी लागली तर चोरी केल्यासारखं मागं बघायचो. रस्त्याकडेला कुणी बसलेला दिसला की वाटायचं, हा मला मोजायला बसलाय. एवढं करूनही तीन तासच व्हायचे. कारकून खोटं कशाला सांगतील, असंच मी धरून चाललो होतो. त्या वेळच्या माझ्या मूर्खपणाचा मला आजही राग येतो.

वीस मिनिटांची बातमी वस्तीत आली आणि माझ्या घरात शिरली. माझी बायको गंगव्वा. ती दगडाच्या खाणीवर पाट्या वाहायची. रविवारी सकाळी दारात चिंचा फोडत बसली होती. मला समोर बसवून म्हणाली, "खरं सांगा बघू. कोण हाय ती?"

मी देवाची शपथ घेतली. शपथेवर तिचा विश्वास नव्हता. तिनं चिंचोक्यांचा ढीग पुढं ओढला. प्रत्येक दगड सांगा, म्हणाली, आणि किती वेळ लागतो ते सांगा. मला पकडायचंच असं तिनं ठरवलं होतं. पाच मिनिटांना एक चिंचोका. जातानाच्या मैलाला एक. बारा मैल, बारा चिंचोके. येतानाच्या मैलाला दोन. मी एकेक गाव सांगत गेलो, ती दोन-दोन मांडत गेली. चोवीस झाले. जाता येता मिळून छत्तीस. मग ती तासाचे मोजू लागली. तासाला बारा. तीन तासांचे छत्तीस.

तिनं पुन्हा मोजले. मग मला मोजायला लावले. एकही चिंचोका उरला नाही, एकही कमी पडला नाही.

"मग ते नऊ मैल कुटनं आणलं त्यांनी?"

मी तिला सरासरी समजावून सांगितली. बारा, सहा, निम्मं. ती ऐकत होती आणि चिंचोक्यांच्या दोन ढिगांकडे बघत होती. एक बाराचा, एक चोवीसचा.

"चढाला तुमी दोन तास असतासा, उताराला येकच. मग दोगांला सारका वाटा कसा?"

एवढंच ती म्हणाली. शाळेचं तोंड न बघितलेली बाई. मी ढिगांकडे बघत बसलो. मैल दोन्हीकडे सारखे होते, पण वेळ सारखा नव्हता. मी जोरात जात होतो तो थोडा वेळ, हळू जात होतो तो जास्त वेळ. सगळं अंतर घ्यायचं, त्याला लागलेला सगळा वेळ घ्यायचा, आणि मग भागायचं. चोवीस मैल, तीन तास. ताशी आठ. नऊ नाही. ती वीस मिनिटं कुठं गेली नव्हती. ती नव्हतीच कधी. नसलेल्या वीस मिनिटांसाठी मी उघड्या अंगानं उभा राहिलो होतो. मला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला.

सोमवारी कचेरीत गेलो तर कागद तयार होता. नाईकानं वाचून दाखवला. मी रोज वीस मिनिटं कामात कसूर करतो, मला ते कबूल आहे, पुढं असं करणार नाही. अंगठा उठवायचा आणि कामाला लागायचं. नाही उठवला तर पट्टा काढून ठेवायचा. शाईची गादी दगडावर ठेवली होती, थैलीच्या त्या दगडावर. मला सही येते, असं मी म्हणालो. अव्वल कारकून म्हणाले की अंगठा पुरे.

मी मुंडाशातून चिंचोके काढले. पायरीवर मांडले. हा जातानाचा मैल, हे येतानाचे. रावसाहेब, मोजा. तुमच्याच घड्याळाचे आकडे आहेत, माझे नाहीत.

त्यांना मोजायचं नव्हतं. पण कारकुनाचे डोळे ते, समोर मांडलेलं मोजल्याशिवाय राहत नाहीत. त्यांचे ओठ हलले. बारापर्यंत गेले. चोवीसपर्यंत गेले. मग थांबले. चेहऱ्यावरून काहीतरी सरकन गेलं. ते मी पाहिलं. माझ्याशिवाय कुणी पाहिलं नसेल. त्यांना कळलं होतं.

मी वाट बघितली. मला वाटलं, आता म्हणतील, चुकलं. मला माफी नको होती. नुसतं चुकलं, एवढं पुरलं असतं.

ते म्हणाले, "अंगठा कर."

तोवर ती चूक होती. तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाचीही चूक होऊ शकते. पण कळल्यावर ते दोन शब्द बोलले तेव्हा ती चूक राहिली नाही. माझं गणित बरोबर निघालं हाच माझा गुन्हा झाला. महारानं पायरीवर चिंचोके मांडून अव्वल कारकुनाला खोटं पाडलं, त्यापेक्षा बातमी फुटलेली परवडली. त्या दिवसापर्यंत मला वाटायचं की आपण अडाणी म्हणून आपल्याला फसवतात. त्या दिवशी कळलं की आपण शहाणे झालो तरी त्यांना फरक पडत नाही, कारण अंगठा कुणाचा घ्यायचा ते आधीच ठरलेलं असतं.

मी पट्टा काढला. थैलीच्या दगडावर, शाईच्या गादीशेजारी ठेवला. म्हणालो, "जे केलं नाही ते कबूल करणार नाही."

नाईकानं पट्ट्यावर पाण्याचा शिंतोडा मारला, मग उचलला. चिंचोके मी एकेक करून गोळा केले. घाई केली नाही. आता वेळ माझा होता.

पुढं मला कुठल्याच कचेरीत काम मिळालं नाही. याच रस्त्यावर, चौथ्या दगडापाशी, मी खडी फोडायला बसलो. शेजारी गंगव्वा पाट्या उचलायची. माझ्या जागी नवा माणूस लागला होता. आमच्यातलाच, दुसऱ्या वस्तीतला. सायकल तीच होती. सकाळी तो उतारावरून सुसाट जायचा. दुपारी चढावर ओणवा होऊन यायचा, घामानं निथळत. मी हाक मारली. पाणी प्यायला थांब म्हणालो. तो थांबला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. माझ्याकडे बघायचा आणि जोरानं पायडल मारायचा. त्याच्या नजरेत मला माझी जुनी भीती दिसली. त्याला वाटत होतं, मी त्याला मोजायला बसलोय.

म्हणजे त्यालाही तीच वीस मिनिटं चिकटवली होती. अव्वल कारकुनाला खरा आकडा ठाऊक होता, तरीही.

त्या दिवशी हातोडा खाली ठेवून मी ठरवलं. उद्या तो चढावर दिसला की रस्त्याच्या मधोमध उभा राहायचं. त्यानं शिव्या दिल्या तरी हलायचं नाही. त्याला उशीर झाला तरी हलायचं नाही. सायकलीचं पुढचं चाक माझ्या अंगावर आलं तरी हलायचं नाही. त्याला खाली बसवायचं, आणि छत्तीस चिंचोके त्यानं स्वतःच्या हातानं मोजल्याशिवाय त्या कचेरीकडे जाऊ द्यायचं नाही.