औंधच्या डोंगरावर काढलेले बूट

चार भिंतींत मला बसवत नाही. मधुमेहाने पायांच्या बोटांतील संवेदना मंदावली आहे. चपला सोडून रुंद पुढ्याचे बूट घ्या, नकळत जखम चिघळली तर बोट गमवाल, असे डॉक्टरांनी बजावले. दुसऱ्याच दिवशी साताऱ्यात बूट घेतले आणि औंधमार्गे सांगलीला, धाकट्या बहिणीकडे निघालो.

बूट मुद्दाम घट्ट घेतले. जन्मभर कातडी वहाणा आम्ही अशाच घेत आलो: आधी चावतात, एरंडेल पाजले की सैलावतात, मग पायाचाच आकार घेतात.

"अहो, अंगठा दबतोय तुमचा," पत्नी दुकानातच म्हणाली.

"सैल होतील," मी म्हणालो.

औंधला रहिमतपूरमार्गे एसटीने जावे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट पडत नाही. रहिमतपूरनंतर ऊस विरळ होतो, उघडा माळ सुरू होतो. बस कोठेही थांबली की मी दाराशी जाऊन उभा राहत होतो.

यमाईच्या डोंगरावर गाडीरस्ता आहे. शहाण्यांनी त्यानेच जावे. मी पायऱ्या चढलो. मंदिराच्या दाराशी बूट-मोजे काढून आत निघालो, तोच हळदकुंकू विकणाऱ्या बाईंनी हाक मारली.

"आवं बाबा, थांबा. फरशीवर रगत हाय. तुमचंच न्हवं?"

मागे पाहिले. माझ्या पावलामागून लाल ठिपके आले होते. अंगठ्याची कड सोलली गेली होती.

"लय दुखतंय व्हय?"

"नाही."

"मग बरं हाय की."

दुखत नव्हते, याचेच भय वाटत होते. दर्शन बाहेरूनच घेतले, पाय धुऊन रुमाल बांधला आणि रिक्षाने खाली उतरून सांगलीची बस धरली. विटा, तासगाव, द्राक्षबागा हे सारे खिडकीबाहेरून गेले असावे. मी सांगलीपर्यंत रुमालाकडेच पाहत होतो.

बहिणीचे यजमान, आमचे दाजी, फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी प्रथम मला दवाखान्यात नेले, मग बूट हातात घेतला.

"आण्णा, ह्यो बूट न्हाई, शिक्षा हाय. कुणी दिली तुमाला?"

"मीच घेतली."

जखम सुकेपर्यंत त्यांनी मला घराबाहेर पडू दिले नाही. बशीभर भडंग समोर ठेवायचे आणि स्वतः दार अडवून बसायचे. शेवटी एका संध्याकाळी दुकानात नेले; दिवसभरात पाय फुगतो, म्हणून माप तेव्हाच घ्यावे. मोजे घालून, उभे राहून, दोन्ही पायांचे. बुटातला सुटा तळ काढून त्यावर पाऊल ठेवावे. बोटे कडेबाहेर गेली तर तो बूट आपला नव्हे. पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. मला दीड नंबर मोठा लागला.

घरी परतून महिना होत आला. अंगठा वाचला. रोज संध्याकाळी पत्नी जमिनीवर आरसा ठेवते आणि मी त्यावर पाऊल धरतो. "इथे दुखतंय?" ती बोटाने दाबून विचारते.

"तूच बघून सांग."

ती चष्मा लावून सावकाश बघते. तेवढा वेळ मला स्वस्थ बसावे लागते. आता पाटणला जाऊन यायचे, असे मी चार दिवस घोकत होतो. काल तिने आरसा उचलला आणि विचारले, "पाटणची बस किती वाजता आहे?"

बूट मी आधीच दाराशी ठेवले होते.